उजव्या गालावरची वेल

डोळे मिटून दोन मिनिटं बसले, एवढाच माझा गुन्हा.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. आठ गळ्यांची मापं घेऊन झाली होती आणि नववा गळा, म्हणजे आमचे बाबा, चहा प्यायला खाली गेले होते. माझ्या गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची उशी, आणि डोकं असं ठणकत होतं की विचारू नका. खिडकीजवळ एक उंच स्टूल रिकामं दिसलं, म्हणून जाऊन बसले. वारा छान येत होता. डोळे मिटले...

आणि गालावरून काहीतरी गार, ओलं, हळूच सरकत गेलं.

"हलू नका," कुणीतरी अगदी जवळून म्हणालं. "पान बिघडेल."

मी डोळे उघडले. समोर एक तरुण. चष्मा कपाळावर, एक ब्रश कानावर, एक दातांत, आणि तिसरा — माझ्या गालावर!

"काय चाललंय हे?"

"रंगाची चाचणी." त्याने दातांतला ब्रश काढला. "तुम्ही नवव्या ना? बाई म्हणाल्या, नऊ गायक आहेत, एकेकाला खिडकीशी बसवते."

"अहो, ते ज्येष्ठ नागरिकांचं गायनमंडळ आहे! मी साठीची दिसते तुम्हाला?"

तो दोन पावलं मागे झाला. चष्मा नाकावर ओढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. गरजेपेक्षा जरा जास्तच नीट.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो, या काकूंनी स्वतःला काय जपलंय!"

मागे आठही ज्येष्ठ नागरिक खो खो हसले. मी फटकळ आहे, सगळा मोहल्ला ओळखतो मला. पण त्या क्षणी मी तरातरा खाली गेले, बेसिनपाशी गाल धुवायला. आरशात बघितलं तर गालफडावर एक इवलंसं पान होतं. देठ, शिरा, टोकाशी एक दवाचा थेंबसुद्धा. मेल्याने काढलं मात्र सुंदर होतं. धुताना जरा वाईटच वाटलं.

तर झालं होतं असं. मंडळाच्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या शिक्षिका, जंगलाच्या गाण्यांचा कार्यक्रम बसवत होत्या. नऊ गायक, नऊ झाडं किंवा वेली. भुवईपाशी फांदी सुरू होणार, गालावरून खाली उतरणार, मानेवर येणार, तिथून खांद्याएवढ्या रुंद पांढऱ्या कॉलरवर जाणार आणि दंडाशी संपणार. चेहऱ्यावर रंग, कॉलरवर भरतकाम.

"आणि रंग कुठे संपला नि दोरा कुठे सुरू झाला, ते पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळता कामा नये," बाईंनी आम्हा दोघांना समोर उभं करून बजावलं. त्यांच्यापुढे आजही सगळे पाचवीतलेच असतात.

भरतकामाचं दुकान मावशीचं. खाली दुकान, वर आम्ही तिघं: मावशी, बाबा आणि मी. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. "आधी माणसांना वर-खाली करत होतो, आता सूर वर-खाली करतो," असं ते ज्याला त्याला सांगतात आणि दर वेळी स्वतःच पहिले हसतात. तो रंगवणारा मात्र गावात नवा होता. दुकानांच्या उद्घाटनांत, वाढदिवसांत पोरांच्या तोंडावर वाघ-मांजरं काढायचा. वाढलेलं वय रंगवायला त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि तो त्यावर बेहद्द खूश होता.

"कोऱ्या गालावर काय कुणीही काढेल," तो म्हणायचा. "पण तुमच्या बाबांच्या डोळ्याशेजारून जी सुरकुती निघते ना, ती आयती वेल आहे. मी फक्त पानं लावायची."

एकेका चेहऱ्याचं चित्र कागदावर काढून तो दुकानात आणून द्यायचा. मी ते ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे, रेषेवर सुईने बारीक बारीक भोकं पाडायचे, कागद कॉलरवर ठेवून निळीचा बोळा फिरवायचे. भोकांतून निळे ठिपके कापडावर उतरतात, त्यावरून टाके घालायचे. साधं काम. साध्या कामातच माणूस फसतो, पण ते पुढे.

खरी मजा रंग जुळवण्यात होती. त्याच्या डब्यातला हिरवा आणि माझ्या लडीतला हिरवा एकसारखा दिसायला हवा. तो काउंटरवर कोपर टेकून बसायचा आणि म्हणायचा, "हात."

"का? कागदावर लावा की."

"कागद कुठे गाणार आहे? कातडीवरच बघावं लागतं."

मग माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला हिरव्याचा एक ठिपका. त्याशेजारी मी दोरा धरायचे. दोघंही वाकून बघायचो. त्याच्या शर्टाला साबणाचा वास यायचा.

"जरा पिवळट वाटतोय," मी म्हणायचे.

"तुमचा दोरा निळसर आहे."

"माझा दोरा जसा आहे तसाच राहणार. बदलायचं तर तुम्ही बदला."

"बदलतो," तो निमूटपणे म्हणायचा, आणि दुसरा ठिपका... तिसरा... माझं मनगट संध्याकाळपर्यंत ठिपक्यांनी भरायचं.

"काय गं," मावशी शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "हिरवा अजून जुळला नाही वाटतं? चौथ्यांदा आलाय हा."

"अवघड रंग आहे, मावशी," तोच म्हणाला. मावशी! दुसऱ्या आठवड्यातच त्याने सगळी नाती वाटून टाकली होती. तिला मावशी, बाबांना काका. मला मात्र "सुईबाई". आणि मी त्याला "रंगारी".

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते मी नेमकं सांगू शकते. मी त्याला दोऱ्याचे पदर सुटे करून दाखवत होते. लडीतला दोरा सहा पदरी असतो. सगळे पदर घेतले की टाका जाडजूड दिसतो, एकच पदर घेतला की ब्रशने ओढलेल्या रेषेसारखा. त्याने तो एक पदर बोटांवर घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "म्हणजे मानेपाशी तुझा दोरा बारीक होत माझ्या रंगात येईल. आणि मी तिथे रेषा न ओढता छोटे छोटे फटकारे मारेन, तुझ्या साखळी टाक्यासारखे. म्हणजे अर्धं तू माझ्याकडे, अर्धं मी तुझ्याकडे."

नंतर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. कान लाल झाले त्याचे. मी म्हटलं, "चहा घेशील?" आणि तेव्हापासून 'तू'.

अशी आठ चित्रं झाली. नवव्या चित्राच्या वेळी तो नेहमीसारखा कोपर टेकून बसला नाही. उभाच राहिला.

"एक फिरती नाटक कंपनी आहे. त्यांना रंगभूषेला माणूस हवाय," तो म्हणाला. "मला विचारलंय. अकरा महिने दौरा. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांची गाडी इथून जाते. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

माझ्या हातात सुई होती. ती मी कापडात खुपसली, बाहेर काढली, पुन्हा खुपसली.

"छान," मी म्हटलं. "अभिनंदन!"

"एवढंच?"

"मग काय, पेढे..." मी अडखळले. "म्हणजे, चांगलं काम आहे. मोठं काम आहे. मांजरांपेक्षा बरं."

"हो, बरं आहे." तो काउंटरवरच्या रिळांची रांग नीट करू लागला, जी आधीच नीट होती. "मी काय, कुठेही राहतो. वडिलांच्या बदल्या व्हायच्या, मग ते गेले, मग मीच फिरत राहिलो. कुठल्या गावात कुणी थांब म्हटलं नाही आजवर. म्हटलं असतं तर... बघितलं असतं."

आता यापेक्षा सरळ माणसाने काय बोलावं? पण एरवी पट्ट्यासारखी जीभ चालवणारी मी त्या दिवशी आधीच ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवत बसले. तो गेला. मावशी मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिला म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? टीप वाकडी जाईल."

सोमवारी रंगीत तालीम होती. कार्यक्रम शनिवारी. नऊ कॉलरी मी कडक इस्त्री करून नेल्या. त्याने सकाळपासून नऊ चेहरे रंगवले होते. काय दिसत होते सगळे! एका आजींच्या गालावर बांबू, एका आजोबांच्या कपाळावरून लोंबणाऱ्या पारंब्या. बाबा तर आरशासमोरून हलायलाच तयार नव्हते. मी त्यांच्या गळ्यात कॉलर घातली, मागे बटण लावलं, समोर आले...

वेल बाबांच्या उजव्या गालावरून उतरून मानेवर येत होती. आणि कॉलरवरची वेल डाव्या खांद्यावर होती.

दुसरी कॉलर घातली. तिसरी. नऊच्या नऊ तशाच! रंग उजवीकडे, दोरा डावीकडे. मधे कोरी मान.

हॉलमध्ये कुणी हसलंसुद्धा नाही.

"तू उलटं काढलंस," मी त्याला म्हटलं.

"मी? चित्र बघ. फांदी कागदाच्या उजव्या बाजूला आहे. उजवा गाल."

"कागदाची उजवी बाजू म्हणजे समोरच्या माणसाचा डावा गाल! माणूस समोर उभा राहिला की असाच दिसतो."

"पण मी समोरून काढतच नाही! मी माणसाला आरशापुढे बसवतो, त्याच्यामागे उभा राहतो आणि आरशातला चेहरा काढतो. माणसाला स्वतःचा तोच चेहरा ओळखीचा असतो."

"हे सांगायचं कुणी?"

"विचारायचं कुणी?"

झालं. आता थंड डोक्याने बघितलं तर चूक कुणाचीच नव्हती. त्याने नऊ चेहरे त्या माणसांच्या डोळ्यांनी पाहिले होते, मी जगाच्या डोळ्यांनी. पण थंड डोकं त्या दिवशी हॉलमध्ये एकाचंही नव्हतं.

बाई मधे पडल्या. "भांडू नका. कुणीतरी एकाने बदला."

"मी नाही," मी म्हटलं. "एकेका कॉलरवर तीन-तीन हजार टाके आहेत."

"मी नाही," तो म्हणाला. "यांच्या उजव्या गालावरच्या सुरकुत्या मला पाठ आहेत. डाव्या वेगळ्या असतात. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"बरोबर आहे," मी म्हटलं. माझ्या तोंडाला आता कोण आवर घालणार! "तू कशाला करशील? तू रविवारी गाडीत बसून निघून जाणार. लोक हसतील ते आम्हाला. जा ना! खुशाल जा. जिथे आरसेच आरसे असतील तिथे जा."

तो आपल्या सामानाकडे वळला. ब्रश धुतले, एकेक करून पुसले, गुंडाळले. माझ्याजवळून जाताना हळू आवाजात एवढंच म्हणाला, "थांब म्हणाली असतीस ना, तर तीन हजार टाके मी घातले असते."

आणि जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. ताटावर बसले, उठले. मावशीने ताट झाकून ठेवलं. मग मीच म्हटलं, "मावशी, पांढरं कापड किती उरलंय?"

"नऊ कॉलरींपुरतं आहे," ती म्हणाली. तिने आधीच मोजून ठेवलं होतं!

मंगळवारी पहाटेपासून आम्ही दोघी बसलो. वेल डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर आणायची. ट्रेसिंग पेपर नुसता पालथा घातला की छाप उलटा येतो, तेवढं सोपं. पुढचे टाके मात्र टाकेच. मावशीने पानं घेतली, मी देठ, कळ्या आणि मानेजवळचा तो एकपदरी भाग घेतला. तो मी कुणाला देणार नव्हते. का करत होते मी हे? कारण रागात जे बोलले ते परत घेता येत नव्हतं. हे निदान हाताने करता येत होतं. आणि मला त्याला सांगायचं होतं, की बघ, तुझी उजवी बाजू मी मान्य केली.

बाबा दारातून डोकावले. मी दटावलं, "बाबा, कुणाला बोलायचं नाही. त्याला तर मुळीच नाही. माझी शपथ आहे."

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "बरं," म्हणाले, आणि डोकं खाजवत निघून गेले. मला वाटलं, मला जेवायला उठवायला आले असतील.

शुक्रवारी दुपारी आठव्या कॉलरवर होते, तेव्हा आठवलं, की आज त्याने कंपनीला कळवायचं होतं. सुई बोटात खोल गेली. बोट तोंडात धरून बसून राहिले. फोन समोर होता. उचलला, नंबर काढला... आणि काय म्हणू? मी कोण त्याची, थांब म्हणणारी? आणि म्हटलं नि तरीही तो गेलाच, तर? ती भीती होती खरी. फटकळ माणसाला लोक धीट समजतात. फोन खाली ठेवला आणि नववी कॉलर घेतली.

शनिवारी दुपारी चार वाजता मी चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन हॉलच्या मागच्या खोलीत शिरले. कार्यक्रमाला अजून तीन तास होते. खोलीत तो आणि बाबा, दोघंच. बाबा स्टुलावर, डोळे मिटून, तोंड बंद. तो त्यांच्यावर वाकलेला. मला बघून ताठ झाला.

"ये," म्हणाला. "काकांची मान झाली की कॉलर घाल. जुळेल आता."

मी पुढे झाले. आणि माझे पाय जागीच थबकले.

बाबांच्या डाव्या गालावर वेल होती.

मी गाठोडं सोडलं, कॉलर काढली, बाबांच्या गळ्यात घातली. दोऱ्याची वेल उजव्या खांद्यावर गेली. त्याने कॉलरकडे पाहिलं. गालाकडे पाहिलं. पुन्हा कॉलरकडे.

"तू बदललंस?"

"तू बदललंस?"

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ. तू?"

"चार दिवस आठ घरं फिरलो," तो म्हणाला. "प्रत्येकाला उजेडात बसवून डावा गाल बघितला. कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले. तुझ्या बाबांना तर बागेत बोलावून बघितलं, घरी कसा येणार?"

मी बाबांकडे वळले. "बाबा! तुम्हाला दोन्ही माहीत होतं!"

ओठांशेजारचा रंग ओला होता, त्यामुळे बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळे न उघडता दोन बोटं वर केली. एक माझ्या दिशेने हलवलं, एक त्याच्या दिशेने. मग गळ्याला चिमटा घेऊन दाखवला. दोघांच्या दोन शपथा, बिचारा बाप काय करणार!

आधी तो हसला की आधी मी, आठवत नाही. खुर्चीला धरून हसलो. डोळ्यांत पाणी आलं. माझं थांबेचना. हसू कधीच संपलं होतं, पाणी मात्र चालूच होतं.

"अगं... अगं, सुईबाई." तो घाबरला. "रडतेस काय? मला उजवे गाल पाठ आहेत. हे पुसतो, मूळचं काढतो. नऊ चेहऱ्यांना अडीच तास पुरेत. सगळं जुळेल."

त्याने ओल्या फडक्याने बाबांचा डावा गाल पुसला आणि उजव्या भुवईपाशी ब्रश टेकवला. "काका, आता मात्र अजिबात हलू नका."

मी तिथेच उभी होते. त्याची पाठ माझ्याकडे होती. कदाचित म्हणूनच जमलं.

"मी थांब म्हणाले नाही," मी म्हटलं, "कारण मला भीती वाटली. मी म्हणेन आणि तू तरीही जाशील, मग मी या दुकानात बसून काय करू? पण न म्हणण्यापेक्षा तेच बरं होतं, हे मला चार दिवसांत कळलं. मला तू आवडतोस. खूप आवडतोस. हिरवा दुसऱ्याच वेळी जुळला होता. बरोबरची लडी मी ड्रॉवरमध्ये लपवून ठेवली होती, तू पुन्हा यावंस म्हणून. आता जायचं तर जा. पण हे ऐकून जा."

ब्रश थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांच्या पापण्या थरथरल्या, पण माणूस शब्दाचा पक्का, हलले नाहीत.

"मी काल त्यांना हो म्हणालो," तो म्हणाला.

मी कॉलरींचं गाठोडं उचललं. बाहेर आठ जण थांबले होते, बटणं लावायची होती, काहीतरी करायचं होतं.

"थांब," तो म्हणाला. हा शब्द त्याने म्हणावा! "माझे हात रंगाचे आहेत. शर्टाच्या खिशात फोन आहे. तो काढ, कालचा शेवटचा नंबर लाव आणि माझ्या कानाला धर."

मी फोन काढला. नंबर लावला आणि त्याच्या कानाला धरला. हात उंच करून उभी राहिले. त्याने रंगवणं थांबवलं नाही. एकेक पान लावत होता.

"हॅलो. हो, मीच... नाही, उद्या येत नाही मी. नाही, आजारी नाही." एक पान. "पैशांचं नाही हो." दुसरं पान. "दुसरा माणूस देतो मी शोधून, माझ्याहून चांगला. रागावलात तरी चालेल. मला इथेच राहायचंय." पलीकडून बराच वेळ मोठमोठ्याने आवाज येत राहिला. तो "हो", "चुकलं माझं", "हो" म्हणत राहिला. मग माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. मी फोन बंद केला. माझा हात त्याच्या कानाजवळच राहिला होता, आणि तो खाली घ्यावा असं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

"तीन हजार टाके," तो म्हणाला. "शिकवशील?"

"आधी उलटी टीप शिक. त्यातच वर्ष जाईल."

"जाऊ दे."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. बाईंचा आवाज जिन्यातून वर येत होता. आणि इतका वेळ पुतळ्यासारखे बसलेले बाबा ओठांच्या एका कोपऱ्यातून, रंग न बिघडवता कसंबसं पुटपुटले, "झालं का तुमचं? आता हलू का जरा?"

त्याने ब्रश पाण्यात बुडवला, काठावर निथळवला आणि त्यांच्या मानेवर वाकला.

"बाबा, अजून थोडंसं," तो म्हणाला. "आता गळ्यापाशीच आलोय."

म्हणून गेला तो सहज, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. ब्रश हवेत राहिला. मी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त हनुवटी जराशी वर केली, त्याला मान नीट दिसावी म्हणून.